पहिल्या जुलाबाला पहिला घोट



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि वस्त्यावस्त्यांतील विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. त्यात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. अतिसाराने गळून गेलेला तो भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्या जवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि मग भिक्खूसंघाला एकमेकांची शुश्रूषा करण्याचा उपदेश केला. आजाऱ्याची सेवा हा आपल्या धम्माचाच भाग आहे.

वर्षावासाचे हेच महिने लहान लेकरांच्या जुलाबाचे असतात. शिवथरच्या खोऱ्यात पाऊस बसला की ओढे भरतात, वाट तुटते, एसटी कधी येते कधी येत नाही. महाड किंवा पोलादपूरचा दवाखाना गाठायला वेळ लागतो. बाप मुंबईला नाहीतर एमआयडीसीत कामाला, घरी आई आणि आजी. अशा वेळी दीड-दोन वर्षांच्या लेकराला जुलाब लागले, तर पहिला उपचार घरातच व्हायला हवा. तो प्रत्येक घराला जमण्यासारखा आहे. म्हणून या वेळी आम्ही त्यावरच लिहीत आहोत.

लेकरू कशाने दगावते?

जुलाबाने लेकरू दगावते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. मोठ्या माणसाच्या अंगात पाण्याचा साठा मोठा असतो. लेकराचा साठा लहान, त्यामुळे दिवसभरात दहा-बारा पातळ जुलाब झाले की ते सुकून जाते. म्हणून जुलाब कधी थांबतील याची वाट पाहत बसू नये. जेवढे पाणी बाहेर जाते तेवढे पहिल्या जुलाबापासून भरून काढायचे.

आपल्याकडे मात्र उलटे सांगितले जाते. “पाणी देऊ नका, दिले की लगेच बाहेर पडते.” “दूध बंद करा.” “दात येत आहेत, जुलाब होणारच.” कोणी दृष्ट काढायला सांगते, कोणी अंगारा लावायला. दात येताना लेकरू हाताला येईल ते तोंडात घालते आणि त्यातून जंतू पोटात जातात, म्हणून दात आणि जुलाब एकाच वेळी दिसतात. दाताचे जुलाब म्हणून ते सोडून देऊ नयेत. अंगाऱ्यात जो वेळ जातो, त्या वेळात लेकराच्या अंगातले पाणी जात असते.

मीठ-साखरेचे पाणी आणि बनगावची छावणी

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेले लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये छावण्यांत राहत होते. बनगावला कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले आणि ते लावणारे हातही कमी पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात मिसळले, ते पाणी पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना पेल्याने पाजायला सांगितले. आधी शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. ते प्रमाण चारच्याही खाली आले. ज्यांनी ते पाजले त्यांत आया होत्या, बहिणी होत्या, शिकलेले-न शिकलेले सगळे होते. आज ‘ओआरएस’ची पुडी म्हणून आशाताई आपल्या हातात देतात, ती त्याच उपायाची पुडी आहे. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते. जुलाब चालू असतानाही हे काम होत राहते.

पुडी कशी करावी

आधी साबणाने हात धुवा. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. लहान पुडी २०० मिलीची असते. पुडीवर वाचून घ्या किंवा वाचून घ्यायला सांगा. माप म्हणून बाजारातली एक लिटरची पाण्याची रिकामी, स्वच्छ बाटली चालते. उकळून गार केलेले पाणी मोजून घ्या आणि पूर्ण पुडी एकदम टाका. अर्धी आज, अर्धी उद्या असे करू नका. पाणी कमी पडले तर मिश्रण जास्त खारट होऊन लेकराला अपाय होतो. जास्त झाले तर उपयोग होत नाही. वरून साखर-मीठ घालू नका, मिश्रण पुन्हा उकळू नका. झाकून ठेवा. २४ तासांनी उरलेले ओतून द्या आणि नवे करा.

दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, म्हणजे ५० ते १०० मिली द्यावे. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला. बाटलीने पाजू नका. वाटी-चमच्याने एक-एक चमचा द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि मग आणखी सावकाश सुरू करा. उलटी झाली म्हणून बंद करू नका.

पुडी घरात नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. आपली तांदळाची पेज चिमूटभर मीठ घालून, ताक, डाळीचे पाणी, शहाळ्याचे पाणी हेही देता येते. चहा, कोल्ड्रिंक आणि खोक्यातली गोड पेये देऊ नका. जादा साखरेने जुलाब वाढतात. अशी पेये ‘ओआरएस’ नावाने विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्या नावावर बंदी घातली. मेडिकलमध्ये मागताना “जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी” असे स्पष्ट सांगा.

झिंकची गोळी आणि पोटभर जेवण

ओआरएसबरोबर झिंकची गोळी द्यायची असते. सहा महिन्यांवरील लेकराला रोज एक, २० मिलिग्रॅमची, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळी थांबवायची नाही, कारण आतडे भरून यायला वेळ लागतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाबही तिने कमी होतात. गोळी व पुडी उपकेंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळते.

अंगावरचे दूध चालूच ठेवा, उलट जास्त वेळा पाजा. मऊ भात-वरण, खिचडी, दही-भात, केळे थोडे थोडे पण वारंवार द्या. उपाशी ठेवलेले लेकरू अशक्त होते आणि अशक्त लेकराला पुन्हा जुलाब लागतात. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या किंवा शेजारच्या घरातले उरलेले अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने देऊ नका.

केव्हा थांबायचे नाही

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर घरात वेळ घालवू नका:

• लेकरू मलूल पडले आहे, हाक मारली तरी नीट बघत नाही.
• डोळे खोल गेले आहेत, रडताना पाणी येत नाही.
• पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते.
• पाणी पिता येत नाही किंवा प्यायलेले सगळे उलटून पडते.
• सहा तासांत लघवी झालेली नाही.
• शीत रक्त आहे, जोराचा ताप आहे किंवा झटके येत आहेत.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब लागले किंवा जुलाब १४ दिवसांहून जास्त चालले तरी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. १०८ ला फोन करा, आशाताईंना उठवा, शेजाऱ्याची रिक्षा मागा. वाटेतही चमच्याने ओआरएस देत राहा. आईच्या मांडीवर चाललेला हा उपचार दवाखान्याच्या दारापर्यंत तुटू देऊ नका.

पाणी कोणत्या रंगाचे?

जुलाब येतात कुठून, हेही पाहिले पाहिजे. महाडच्या मातीत २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर काही लोकांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे ‘शुद्ध’ केले होते. पाणी खरे शुद्ध होते ते उकळल्याने किंवा क्लोरिनने. ते आपल्या पाणवठ्यात पडते की नाही हे विचारणे, हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे असे आम्ही मानतो.

ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. विहिरीत टीसीएल पावडर टाकणे हे त्याचे काम. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाणवठ्यांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे धोका. आपल्या पंचायतीला कोणते कार्ड आहे आणि आपल्या वस्तीच्या विहिरीत टीसीएल शेवटचे कधी पडले, हे ग्रामसभेत विचारा. २२ जुलै २०२१ च्या पुरासारखे पाणी चढून विहिरीत गढूळ पाणी शिरले, तर टीसीएल पडेपर्यंत ते पिऊ नका.

घरात पाणी खळखळ उकळून घ्या, किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबा. हंडा झाकलेला असावा आणि पाणी ओगराळ्याने काढावे. बोटे बुडवू नयेत. शौचाहून आल्यावर, लेकराची शी धुतल्यावर, स्वयंपाकापूर्वी आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवा. लेकराची शी अंगणात किंवा ओढ्यात टाकू नका, संडासातच टाका; तिच्यातही जंतू असतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे रोटाव्हायरसचे डोस आणि नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस चुकवू नका.

विहारात एक डबा

आमची एक सूचना आहे. या वर्षावासात प्रत्येक वस्तीच्या विहारात झाकणाचा एक डबा ठेवावा. त्यात दहा ओआरएसच्या पुड्या, झिंकच्या गोळ्या, एक लिटरची बाटली, एक चमचा. आशाताईंकडून त्या मागून घ्याव्यात आणि संपल्या की पुन्हा भराव्यात. ग्रंथवाचनाच्या एका संध्याकाळी महिला मंडळाने सगळ्यांसमोर पुडी करून दाखवावी. आजी-आजोबांना पुढे बसवावे, कारण दिवसभर लेकरू त्यांच्याच जवळ असते. शाळेतल्या ताई-दादांकडून पुडीवरची सूचना मोठ्याने वाचून घ्यावी. डबा कोणाच्या घरी नाही, विहारात आहे, हे वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत असावे. रात्री दोन वाजता पाऊस कोसळत असताना कुणाच्या लेकराला जुलाब लागले, तर त्या आईला कोणाचे दार वाजवायचे ते ठाऊक हवे, आणि ते दार उघडले पाहिजे.

सर्वांची लेकरे सुखी आणि निरोगी राहोत. जय भीम!