सातवाहनांचं वेड आणि 'तोच हा' म्हणण्याची सवय

मित्रहो, आम्हांला एक वेड आहे, ते आधीच कबूल करतो. पडद्यावर शिवकाल किंवा पेशवाई आली की आम्ही पाहतो. पण सातवाहनकाल दिसला की खुर्ची पुढे ओढून बसतो. तो फारसा दिसत नाही, ही गोष्ट वेगळी!

ही नुसती लहर आहे का? आपल्या न्यायशास्त्रात 'प्रत्यभिज्ञा' असा शब्द आहे. पूर्वी पाहिलेला देवदत्त पुन्हा दिसला की आपण म्हणतो, 'तोच हा.' पेशवाईची मालिका पाहताना हेच घडतं. पगडी, नथ, नऊवारी दिसली, काळ ओळखला, संपलं. विचारायला काही उरत नाही.

आता कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवरची दगडी जोडपी आठवा. पुरुषांचं भरघोस पागोटं, बायकांच्या पायांत जाड कडी, कमरेला मेखला, आणि वरचं अंग उघडं. मग पडद्यावरच्या राणीला चोळी द्यायची की नाही? दिली तर शिल्पाशी प्रतारणा, न दिली तर प्रेक्षक बिचकणार. म्हणजे ज्याला आपण सनातन मर्यादा समजतो, तिलाही इतिहास आहे. हा प्रश्न ओळखीचा काळ आपल्याला सहसा विचारत नाही.

2017 साली 'गौतमीपुत्र सातकर्णी' हा चित्रपट आला, तो तेलुगूत. त्यांचाही सातवाहनांवर हक्क आहे, तक्रार नाही. पण नाणेघाट, पैठण, नाशिक आपल्या दाराशी असताना आपल्याला हा विषय का सुचू नये?

मात्र आमच्यासारख्या वेड्यांनाही एक धोका असतो. आम्ही दागिने मोजत बसतो आणि माणूस निसटतो. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षातला. स्वतःला ती महाराजांची आई आणि महाराजांची आजी म्हणवते. मुलाच्या पराक्रमांची लांबलचक यादी देते. त्यातच, तो प्रजेच्या सुखदुःखात सारखाच सहभागी होता, हेही सांगते. ती प्रशस्ती आहे, मान्य. पण आईनं मुलाविषयी काय सांगण्याजोगं मानलं, ते त्यात उरलं आहे. ते ऐकू आलं नाही, तर पागोट्याची गाठ अचूक बांधून तरी काय उपयोग?

नाशिकला गेलात तर पांडवलेण्यांतलं तिसरं लेणं जरूर पाहा. बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.