२९ मिनिटांचा उच्छाद

'रमोन्स' या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम २३ एप्रिल १९७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये बाजारात आला. चौदा गाणी, आणि सगळी मिळून जेमतेम २९ मिनिटं. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालेल्या बसमध्ये ऐकायला घेतला, तर देवळाचा कळस दिसण्याआधी संपून जाईल. पंक रॉक हा संगीतप्रकार ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला, असं बहुतेक जाणकार मानतात. आणि तरीही पहिल्यांदा ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया ठरलेली असते : यांना वाजवता येत नव्हतं, म्हणून हे असं झालं. ही समजूत पुसण्यासारखी आहे. हा अल्बम ओबडधोबड आहे तो ठरवून. काय वाजवायचं नाही, हे त्या चौघांनी आधीच पक्कं केलं होतं.

त्यासाठी त्या काळचा रॉक कसा होता ते पाहावं लागेल. १९७३ मध्ये 'येस' या इंग्लिश बँडने दोन तबकड्यांचा एक अल्बम काढला. त्यात गाणी होती फक्त चार. एकेका गाण्याने तबकडीची एकेक बाजू व्यापलेली. लांबच लांब गिटार-वादन, सिंथेसायझरच्या भिंती, स्टुडिओत महिनोन् महिने मुक्काम. रॉक सुरू झाला तेव्हा तो गल्लीतल्या पोरांचा होता. आता त्याला उस्तादीची झूल चढली होती, आणि ती झूल परवडणारे थोडेच होते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्समधल्या चार तरुणांनी १९७४ मध्ये बँड काढला तो या हवेत. जोई, जॉनी, डी डी आणि टॉमी. कोणी कोणाचा नातेवाईक नव्हता, पण चौघांनी 'रमोन' हेच आडनाव लावलं. 'बीटल्स'मधल्या पॉल मॅकार्टनीने पूर्वी एकदा 'पॉल रमोन' असं टोपणनाव घेतलं होतं, त्यावरून. म्हणजे बीटल्स त्यांच्या कानात मुरलेले होते. ही पोरं आकाशातून पडलेली नव्हती.

आता पुरावे. 'सीबीजीबी' नावाच्या कळकट क्लबात ते ऑगस्ट १९७४ पासून वाजवत होते. स्टुडिओत गेले फेब्रुवारी १९७६ मध्ये. दीड वर्ष लोकांसमोर घासून घेतल्यावर. जॉनी सांगत असे, की तेव्हा तीस-पस्तीस गाणी तयार होती आणि ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने ती मुद्रित केली. उरलेली पुढच्या अल्बमांना ठेवली. न जमणाऱ्या माणसाकडे असा साठा आणि असा संयम नसतो. जॉनीचं गिटार-वादन घ्या. तो तारांवर हात फक्त वरून खाली मारतो, एकही झटका खालून वर नाही, आणि तेही भन्नाट वेगात. कोणत्याही गिटारवाल्याला विचारा, दोन मिनिटांत मनगट भरून येतं. गिटारचा एकल तुकडा, म्हणजे ज्या जागी वादक आपली करामत दाखवतो ती जागा, जवळपास नाहीच. ध्वनिमिश्रणात बीटल्सच्या सुरुवातीच्या मुद्रिकांसारखी सरळ वाटणी केली आहे : बेस डाव्या बाजूला, गिटार उजव्या. एका गाण्याच्या सुरुवातीलाच करवतीचा आवाज आहे. तो काही चुकून मायक्रोफोनमध्ये शिरलेला नाही. निर्माता क्रेग लिऑनला आणि सहनिर्माता म्हणून काम पाहणाऱ्या टॉमीला आपण काय करतोय ते नीट ठाऊक होतं. मुद्रण झालं रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या प्लाझा साउंड या चांगल्या स्टुडिओत, साधारण आठवडाभरात. खर्च ६,४०० डॉलर.

मुखपृष्ठ पाहा : विटांच्या भिंतीला टेकून उभे चार जण, चामडी जाकिटं, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स. रॉबर्टा बेली या छायाचित्रकर्तीने 'पंक' नावाच्या लहानशा मासिकासाठी टिपलेला हा कृष्णधवल फोटो. कंपनीने काढून घेतलेले महागडे फोटो जमले नाहीत, म्हणून हा १२५ डॉलरला विकत घेतला. पुढे असंख्य बँड भिंतीला टेकून उभे राहिले ते याचं पाहून.

मराठी वाचकाला हे फार अनोळखी वाटू नये. साठच्या दशकात सायक्लोस्टाइल करून काढलेल्या लघुअनियतकालिकांनी गुळगुळीत छपाईला आणि प्रतिष्ठित मासिकांकडे अशीच पाठ फिरवली होती. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा पहिला संग्रह 'गोलपिठा' आला, तेव्हाही ही भाषा कवीला येत नाही म्हणून अशी आहे, की येते म्हणून, असा गोंधळ पुष्कळांचा झाला. इंग्लंडमध्ये १९७६-७७ साली पंक श्रोत्यांनी झेरॉक्स-छाप पत्रिका काढल्या. त्यांपैकी एकीत गिटारच्या तीन कॉर्ड्सची आकृती काढून खाली वाचकाला सांगितलं होतं, की आता जा आणि बँड काढ. आमच्याकडे हेच काम पानावर झालं, स्टुडिओत झालं नाही, इतकाच फरक.

यावर नाशिककर म्हणतील, पानावरच कशाला, गाण्यातही झालं की. खरं आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोठेपणी अक्षरं शिकले आणि पेटी-ढोलकीच्या साथीवर हजारो गाणी गावोगाव पोहोचवली. साधन मोजकं, चाल लोकांच्या ओळखीची, आणि स्टुडिओच्या परवानगीची वाट पाहणं नाही. पण तुलना इथेच थांबवायला हवी. वामनदादांच्या गाण्यामागे बाबासाहेबांचा विचार होता, समाज होता. रमोन्सकडे जाहीरनामा नव्हता. त्यांची गाणी कंटाळ्याची, गोंद हुंगण्याची, भयपटांची आणि चक्क प्रेमाची आहेत. पंक म्हणजे डावी क्रांती असं समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की जॉनी कट्टर रिपब्लिकन होता आणि २००२ मध्ये सन्मान स्वीकारताना त्याने व्यासपीठावरून राष्ट्राध्यक्ष बुश यांचं शुभ चिंतलं. शेवटच्या गाण्यातली नाझी पोराची थट्टा तर आजही खटकते. जोई ज्यू होता, टॉमीचे आईवडील नाझी संहारातून वाचलेले होते. त्याने थट्टेचा हेतू कळतो, चव सुधारत नाही.

दुसरा आक्षेप विक्रीचा. अमेरिकेच्या यादीत हा अल्बम १११व्या क्रमांकापलीकडे गेला नाही. पाच लाख प्रतींचं 'गोल्ड' प्रमाणपत्र मिळायला २०१४ उजाडलं, म्हणजे ३८ वर्षं. पण ४ जुलै १९७६ रोजी लंडनच्या राउंडहाउसमध्ये त्यांनी वाजवलं, आणि दीड वर्षाच्या आत 'द डॅम्ड', 'द क्लॅश', 'सेक्स पिस्टल्स' यांचे पहिले अल्बम आले. या अल्बमचं वजन त्याने इतरांना दिलेल्या धिटाईत आहे.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार : आता लॅपटॉपवर कोणीही घरी गाणं मुद्रित करतो, मग स्वस्ताईचं कौतुक कशाला? उत्तर असं, की घरी केलेली आजची बहुतेक गाणी स्टुडिओपेक्षाही गुळगुळीत असतात. सूर यंत्राने सरळ केलेला, ताल रेषेवर बसवलेला. साधन स्वस्त झालं, पण नको ते वगळण्याची हिंमत त्याबरोबर फुकट मिळत नाही. मुंबईत 'द रायट पेडलर्स', 'द लाइटइयर्स एक्सप्लोड' असे पंक वाजवणारे बँड झाले, मुख्यतः इंग्रजीत गाणारे. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत २००८ पासून 'सुला फेस्ट'च्या निमित्ताने मोठे मंच उभे राहिले. मराठीत मात्र दीड मिनिटाचं, चिडकं, विनोदी, गिटारचं गाणं अजून फारसं ऐकू येत नाही.

हा अल्बम ऐकायचा झाला तर इयरफोन लावून ऐका. आधी डाव्या कानातला काढा, मग उजव्या कानातला. गिटार वेगळी, बेस वेगळा कानावर येईल, आणि या गोंगाटात किती कमी वस्तू वापरल्या आहेत ते मोजता येईल.