नवखा डाकसेवक आणि हातातले यंत्र : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

तुळजापूरहून नांदेडमार्गे नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग उमरखेड सोडून आर्णीच्या दिशेने निघाला, की वाटेत महागाव लागते. यवतमाळ जिल्ह्यातील या तालुक्याच्या ठिकाणी आणि त्याच्या परिसरात माल व कागद यांची ने-आण करून पोट भरणारी माणसे पुष्कळ आहेत : जिनिंगच्या आवारातले कारकून, मालवाहतूकदारांच्या कचेरीतले नवशिके, दुचाकीवरून पार्सले वाटणारी पोरे, आणि या सर्वांच्या कितीतरी आधीपासून थैली वाहत आलेले खेड्यापाड्यांतील डाकसेवक. या साऱ्या व्यवसायांत हल्ली एक समजूत रूढ होऊ पाहत आहे, ती अशी की कामाचा प्रत्येक टप्पा आता यंत्राच्या पडद्यावर क्रमवार येत असल्यामुळे नव्या माणसाला रुजू करून घ्यावे, यंत्र हाती द्यावे आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडून पुरते काम घ्यावे. ही समजूत निखालस खोटी असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्यात तथ्याचा अंश असल्यामुळेच तिची छाननी अवश्य ठरते, आणि त्या छाननीस डाकघरासारखे जुने व सर्वांच्या परिचयाचे उदाहरण दुसरे नाही.

प्रथम या गैरसमजाची सर्वांत लोकप्रिय आवृत्ती घेऊ : तरुण मुलाला मोबाईल येतो, तेव्हा त्याला निराळे शिकवावे लागत नाही. ग्रामीण डाकसेवकाची निवड लेखी परीक्षेवाचून, दहावीच्या गुणांच्या आधारे होते. उमेदवाराला संगणकाचे ज्ञान असावे, सायकल चालवता यावी आणि स्थानिक भाषा त्याने निदान दहावीपर्यंत अभ्यासलेली असावी, अशा अटी असतात. सायकल आणि संगणक यांना एकाच पंक्तीत बसवणाऱ्या या नियमाचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे, कारण कामाचे खरे स्वरूप त्याने अचूक ओळखले आहे. मोबाईलवर चित्रे पाहण्याचे कौशल्य आणि परक्याच्या पैशाची व कागदाची जोखीम पत्करून यंत्रात नोंद करण्याचे कौशल्य यांत महदंतर आहे. डाकसेवकाची एक चुकीची नोंद म्हणजे एखाद्या वृद्धेच्या बचतखात्यात रोजकीर्दीशी न जुळणारी रक्कम, आणि तिची भरपाई बहुधा ज्याच्या हातून चूक झाली त्याच्याच खिशातून. सकाळी आलेल्या थैलीचे सील तपासणे, सोबतच्या चिठ्ठीशी आतील वस्तूंची रुजुवात घालणे, रोख मोजणे आणि सायंकाळी दिवसाचा हिशेब लेखा कार्यालयाकडे रवाना करणे, या शिस्तीला मोबाईलच्या सवयीतून वाट फुटत नाही. डाक खात्याने २१ डिसेंबर २०१७ रोजी सुरू केलेल्या ‘दर्पण’ योजनेतून शाखा डाकघरांना हातात धरण्याची यंत्रे मिळाली, तरी जून २०२२ मध्ये ‘डाक कर्मयोगी’ हे शिक्षणाचे स्वतंत्र ऑनलाइन दालन त्याच खात्याला उघडावे लागले, याचा अर्थ उघड आहे.

दुसरा गैरसमज असा की प्रमाणित कार्यपद्धती ही संगणकाबरोबर आली. वस्तुतः नवख्याला लवकर तयार करण्याचा भारतीय टपालातील सर्वांत मोठा उपाय संगणकाच्या पुष्कळ आधीचा असून तो एका मराठी माणसाच्या नावावर आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतचे कवी व नाटककारही. त्यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड अमलात आला. तत्पूर्वी टपालाची वर्गवारी करणाऱ्याला गावांची नावे, त्यांचे तालुके आणि थैल्यांचे मार्ग मुखोद्गत असावे लागत, शिवाय पत्त्याची लिपी व भाषा कोणतीही असू शके. आणि गावांची नावे तर आपल्याकडे सढळ हाताने पुन्हा पुन्हा वापरलेली. महागाव यवतमाळात आहे तसे कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजकडेही आहे. अनुभवी मनुष्य प्रेषकाच्या मुक्कामावरून, कधी अक्षराच्या वळणावरूनही अटकळ बांधी. नवखा मात्र चुके. यवतमाळकडच्या महागावच्या पिनकोडातील ४४५ या आरंभीच्या तीन अंकांनी ती अटकळ अनावश्यक करून टाकली : पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्यासह वर्गवारीचा जिल्हा, आणि उरलेले तीन नेमक्या डाकघराचे. वर्षानुवर्षांच्या सवयीने अंगी येणारी विद्या सहा अंकांत उतरली आणि कालच नोकरीस लागलेला माणूसही तीच थैली तितक्याच बिनचूकपणे भरू लागला.

मुंबईचे डबेवाले हे याच तत्त्वाचे दुसरे उदाहरण. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास ज्या व्यवसायाचा पाया घातला, त्यात डब्यावर रंगवलेली खूण हीच कार्यपद्धती. मावळ-खेड भागातून आलेला तरुण मुकादमाच्या टोळीत राहून ती खूण वाचायला शिकतो आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. (या डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’चे प्रमाणपत्र मिळाल्याची गोष्ट भाषणांतून वारंवार सांगितली जाते, असे प्रमाणपत्र कोणी त्यांना दिलेले नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही.)

आता सर्वांत महत्त्वाच्या गैरसमजाकडे वळू. यंत्र पुढचा टप्पा स्वतःच सांगते, सबब अनुभवी माणसाचे काम संपले, असे ज्यांना वाटते त्यांनी फुलसावंगी, गुंज किंवा काळी दौलतखान यांसारख्या गावांच्या बाजूला असलेल्या तांड्यावर एक टपाल पोचवून पाहावे. पत्त्यावर राठोड आडनाव, नावापुढे बापाचे आद्याक्षर आणि गावाचे नाव, इतकाच मजकूर. आणि तांड्यावर त्या नावाची माणसे तीन. यंत्राच्या पडद्यावर अशा वेळी मोजके पर्याय असतात : दिले, घर बंद, पत्ता अपुरा, इसम निघून गेला, घेण्यास नकार. नवखा मनुष्य बंद कुलूप पाहून, शेजाऱ्याने ‘ते गेले’ असे सांगितलेले ऐकून, ‘निघून गेला’ हा पर्याय दाबतो आणि टपाल परतीच्या वाटेला लागते. परंतु घरचा धनी ऊसतोडीला गेलेला असतो, मागे म्हातारी असते, ती दुपारी शेतातून परतते, आणि कोणाचा टपालाचा कागद कोणाकडे सोपवावा याविषयी त्या कुटुंबाने डाकघरात दिलेली लेखी परवानगी जुन्या डाकसेवकाला ठाऊक असते. यंत्रातील नोंद नियमाप्रमाणे झाली, टप्पा पार पडला, आणि तरी काम बिघडले. ‘गेले’ या एका शब्दाच्या पोटात दिवसभराची मजुरी, हंगामाचे स्थलांतर आणि कायमचे गाव सोडणे असे तीन निरनिराळे अर्थ असू शकतात, आणि शेजाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारल्याखेरीज त्यांतला कोणता खरा हे कळत नाही. तो प्रश्न विचारण्याची सूचना पडद्यावर कोणी लिहिलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत अननुभवी स्त्री-पुरुषांची भरती झाली, तेव्हा तेथील सरकारने कामगारांना शिकवण्याची जी पद्धत प्रसृत केली, आणि जी पुढे जपानी कारखानदारीत रुजली, तिच्यात कामाचे टप्पे एका रकान्यात आणि प्रत्येक टप्प्यातील कळीचे मुद्दे दुसऱ्या रकान्यात लिहीत असत. हाताखालच्या माणसाला ते मुद्दे त्यांच्या कारणांसह सांगत. आपल्याकडील बहुतेक डिजिटल कार्यपद्धतींत पहिला रकाना असतो, दुसरा कोरा राहतो. तो भरणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे काम नव्हे. ते महागावच्या उपडाकघरात बसणाऱ्या, किंवा पंचवीस वर्षे तांड्यांवर हिंडलेल्या माणसाचे काम आहे, आणि ते त्याच्याकडून मराठीत, त्याच्याच शब्दांत लिहवून घेतले पाहिजे. यंत्रामुळे टप्पे घोकवून घेण्याचा वेळ वाचतो, ही गोष्ट खरी. वाचलेला तो वेळ जुन्या डाकसेवकाबरोबर नव्याने पायी फिरण्यात घालवला तरच शिक्षण लवकर होते, आणि तोच वेळ प्रशिक्षणातून छाटून टाकला तर दोन्ही रकाने कोरे राहतात.

यंत्र चूक होऊच देत नाही, हा भ्रम थोडक्यात निकाली काढता येतो. टपालवस्तूवरील तेरा चिन्हांच्या क्रमांकात मधले नऊ अंक असतात. त्यांतला शेवटचा आधीच्या आठांवरून गणिताने निघतो, म्हणून एखादा अंक चुकीचा टंकला तर यंत्राला ते कळू शकते. पिनकोडात अशी सोय नाही. मालवाहतूकदाराच्या कचेरीतील नवशिका कारकून ई-वे बिल भरताना महागावचा पिन म्हणून कोल्हापूरकडच्या महागावचा ४१६ ने सुरू होणारा क्रमांक घालील, तर तो क्रमांक स्वतःपुरता शुद्धच असतो; त्यावरून अंतर आपोआप निघते, अंतरावरून दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने बिलाची मुदत ठरते, आणि वाटेतल्या तपासणीत गाडी अडली म्हणजे मग शोधाशोध सुरू होते. जेथे पडताळणीचा अंक नाही तेथे डोळ्यांनी पडताळा, हा शिरस्ता पहिल्याच दिवशी शिकवण्याजोगा आहे.

शेवटचा गैरसमज जुन्या माणसांचा स्वतःविषयीचा : हे सारे शिक्षण नव्यांसाठी, आपल्याला काम येते. डाक खात्याची नवी संगणकप्रणाली टप्प्याटप्प्याने बसवली जाऊन ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत देशभरातील डाकघरांत सुरू झाली, आणि त्याच वर्षी नोंदणी टपाल ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. ज्याने आयुष्यभर ‘रजिस्टर’ची पोच घेतली त्याला जुनी वहिवाट विसरून नवी शिकावी लागली, तर मागल्या वर्षी रुजू झालेल्या पोराला विसरण्यासारखे फारसे काही नव्हतेच. त्या दिवसांत प्रशिक्षणाची निकड कोणाला अधिक होती, हे नेमणुकीच्या तारखेवरून ठरवणारा वरिष्ठ चुकलाच असता. आणि तांड्यावरच्या तीन राठोडांपैकी कोणाचे टपाल कोणते, हे विचारायला तोच पोरगा पुन्हा त्याच जुन्या माणसाकडे जात होता.