केमोनंतरचं 'काउंट वाढवायचं इंजेक्शन' नेमकं करतं काय? मोबाईलवरचा रिपोर्ट असा वाचा

घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल तर लॅबचा रिपोर्ट बहुतेक वेळा तुमच्याच मोबाईलवर येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ उघडायची, लाल अक्षरातले आकडे बघायचे आणि आई-बाबांना समजावून सांगायचं, हे काम घरातल्या तरुण पोरांचंच. उपचार लातूरच्या विवेकानंद रुग्णालयात असोत, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये असोत की नांदेडहून हैदराबादला जाऊन घेतलेले असोत, "काउंट कमी झालाय, इंजेक्शन घ्यावं लागेल" हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. अनेकांना वाटतं, हे 'इम्युनिटी बूस्टर' आहे. पण तसं नाही. चला, समजून घेऊया.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे काय?

आपलं रक्त हाडांच्या आत, अस्थिमज्जेत म्हणजे बोन मॅरोमध्ये तयार होतं. कोणत्या पेशी किती बनवायच्या, हा निरोप तिथे पोहोचवणारी प्रथिनं म्हणजे ग्रोथ फॅक्टर. लाल पेशींसाठी एरिथ्रोपोएटिन, प्लेटलेटसाठी थ्रोम्बोपोएटिन आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींसाठी जी-सीएसएफ.

न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंवर सगळ्यात आधी तुटून पडणारी फौज. पण रक्तात त्यांचं आयुष्य जेमतेम काही तासांचं असतं. म्हणून शरीराला रोज हजारो कोटी नव्या न्यूट्रोफिल बनवाव्या लागतात. केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते. त्यात कॅन्सरच्या पेशी मरतात, तशाच मॅरोतल्याही. त्यामुळे केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत काउंट तळाला जातो.

इंजेक्शन काय करतं?

जंतुसंसर्ग झाला की शरीर स्वतःच जास्त जी-सीएसएफ सोडतं. इंजेक्शनमधून तोच निरोप मोठ्या डोसमध्ये दिला जातो. मग मॅरोमधल्या तयार न्यूट्रोफिल रक्तात उतरतात आणि नव्या बनवण्याचा वेगही वाढतो.

१९६०च्या दशकात मेलबर्नमध्ये डोनाल्ड मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून या प्रथिनांचा शोध सुरू झाला. १९९१ साली अमेरिकेत फिलग्रास्टिम या औषधाला मंजुरी मिळाली. २००१ मध्ये आपल्या शेजारच्या हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याचं भारतीय रूप बाजारात आणलं. फिलग्रास्टिम सहसा काही दिवस रोज घ्यावं लागतं, तर पेगफिलग्रास्टिम केमोच्या एका फेरीला एकदाच. केमो संपल्यावर किमान २४ तास तरी थांबून ते देतात, कारण नव्याने वाढू लागलेल्या पेशी केमोच्या तावडीत सापडायला नकोत.

आणि काय करत नाही?

ते मुख्यतः एकाच तुकडीची संख्या वाढवतं. व्हायरसशी लढणाऱ्या आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या लिम्फोसाइट पेशी वाढवणं हे त्याचं काम नाही. म्हणून इंजेक्शन झालं तरी हात धुणं, मास्क, गर्दी टाळणं चालूच ठेवायचं. आणि निरोगी माणसाने 'ताकदीसाठी' हे घेण्यात काहीच अर्थ नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा?

नुसता डब्ल्यूबीसी बघू नका. डब्ल्यूबीसीला न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणा आणि १०० ने भागा. समजा डब्ल्यूबीसी १,८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, तर उत्तर ३६०. हा झाला एएनसी. तो १,५०० च्या खाली म्हणजे कमी, ५०० च्या खाली म्हणजे मोठा धोका. काही लॅब १,८०० ऐवजी १.८ छापतात, तो आकडा हजारात असतो.

याउलट इंजेक्शन चालू असताना डब्ल्यूबीसी एकदम वाढून लाल रंगात दिसला तर लगेच घाबरू नका. तो औषधाचाही परिणाम असू शकतो. रिपोर्ट डॉक्टरांना पाठवा, अर्थ त्यांना लावू द्या.

ताप आला तर थांबू नका

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पू बनतो तो मुख्यतः न्यूट्रोफिलपासूनच. त्याच कमी असतील तर पू नाही, फारशी सूज नाही. आत संसर्ग पसरत असतो आणि बाहेर दिसतो फक्त ताप. म्हणून १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर "सकाळी बघू" म्हणू नका. पॅरासिटामॉल देऊन वाट पाहिली तर ताप उतरेल, पण संसर्ग तसाच राहील. अशा वेळी अँटिबायोटिक लवकर सुरू होण्यावर जीव अवलंबून असतो. तुमचे डॉक्टर हैदराबादला असले तरी आधी जवळचं मोठं रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा आणि पोहोचताच सांगा: "पेशंटची केमो चालू आहे."

हेही लक्षात ठेवा

• इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात प्रवास असेल तर आईसबॉक्स न्या, पण बर्फ थेट औषधाला टेकू देऊ नका.
• कंबर, छातीचं हाड दुखणं नेहमीचं आहे. मात्र पोटात डावीकडे वर किंवा डाव्या खांद्यात जोरात दुखलं, श्वास लागला तर लगेच दवाखाना.
• घरात कुणाला सिकलसेल असेल तर इंजेक्शनआधीच डॉक्टरांना सांगा.

आजच एक काम करा. केमोची तारीख, औषधांची नावं, शेवटचा रिपोर्ट आणि रात्री जायच्या रुग्णालयाचा नंबर मोबाईलमध्ये एकाच ठिकाणी सेव्ह करा, आणि घरातल्या अजून एकाला पाठवून ठेवा.