जखमी राजा व वैराण भूमी

जखमी राजा व वैराण भूमी : राजाचे शरीर आणि त्याची भूमी यांचे सामर्थ्य एकच आहे, या समजुतीवर आधारलेला पुराणकथांतील व साहित्यातील एक आदिबंध. राजा जखमी, रोगी वा वीर्यहीन झाला, की पाऊस थांबतो व पिके करपतात. तो बरा झाला, की भूमीही फुलते, असे त्याचे ढोबळ रूप आहे.

यूरोपीय साहित्यात तो होली ग्रेलच्या (पवित्र पात्राच्या) कथाचक्रात आढळतो. क्रेत्यँ द त्र्वा या फ्रेंच कवीच्या बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील पर्सिव्हल या अपूर्ण काव्यात मांड्यांना भाल्याची जखम झालेला राजा मासेमारीत दिवस कंठतो. त्याच्या वाड्यातील गूढ पात्र पाहूनही पर्सिव्हल संकोचाने काही विचारीत नाही. विचारले असते, तर राजा बरा झाला असता, हे त्याला मागाहून कळते. वोल्फ्राम फोन एशेनबाख या जर्मन कवीने तेराव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न राजाच्या दुःखाविषयीच्या करुणेचा केला. जेसी वेस्टन यांनी १९२० मध्ये या कथांचे मूळ प्राचीन सुफलताविधींत शोधले व त्यासाठी ऋष्यशृंगाच्या भारतीय कथेचाही आधार घेतला. पुढील अभ्यासकांनी ही उपपत्ती सहसा स्वीकारली नाही, तथापि टी. एस. एलियट यांच्या द वेस्ट लँड (१९२२) या काव्यामुळे ती सर्वतोमुखी झाली.

भारतीय कथांत राजाचा देह व अवर्षण यांचा संबंध इतका सरळ नाही. अंगदेशाच्या लोमपादाचा देह निरोगी आहे. ब्राह्मणांशी केलेल्या कपटामुळे त्याच्या राज्यात पाऊस पडत नाही. सर्वांत बोलकी कथा देवापी व शंतनू या बंधूंची होय. यास्काच्या निरुक्तानुसार धाकट्या शंतनूने थोरल्याला डावलून राज्याभिषेक करविला आणि बारा वर्षे पर्जन्य झाला नाही. शंतनूने राज्य देऊ केले, तेव्हा देवापीने ते नाकारून पुरोहितपद पत्करले व यज्ञ करून पाऊस आणला. देवापीला त्वग्दोष होता, असे बृहद्देवतेत म्हटले आहे. महाभारतात तर हीनांग राजा देवांना मान्य नसतो, या कारणाने त्याचा अभिषेक रोखला जातो. म्हणजे येथे व्यंग एकाचे, दोष दुसऱ्याचा आणि पाऊस आणणारा रोगी असा विपर्यास आहे. आदिबंधाची चौकट सरसकट लावली, की नेमके हेच निसटते.

विदर्भाशी निगडित नलकथेत आदिबंधाचा दुसरा अवयव, म्हणजे प्रश्न, दिसतो. कलीने ग्रासलेला नल कर्कोटकाच्या दंशाने विरूप होऊन बाहुक या नावाने सारथ्य करतो. त्याचा शोध दमयंती एका प्रश्नाने घेते : तिने पढविलेले शब्द पर्णाद हा ब्राह्मण ठिकठिकाणी म्हणतो आणि बाहुकच तेवढा व्याकूळ होऊन उत्तर देतो. नलाला स्वरूप परत मिळते ते कुंडिनपुरात. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर (जि. अमरावती) हेच ते नगर, असे परंपरा मानते, पैलतीरी वर्धा जिल्ह्याचा आर्वी तालुका आहे. नदीचे संस्कृत नाव वरदा. नल विरूप असताना निषध देश ओसाड पडल्याचे मात्र महाभारत सांगत नाही, त्यामुळे ही कथा आदिबंधाचे अर्धेच रूप ठरते. मराठी आख्यानकवींपैकी रघुनाथपंडितांना तर हंस व स्वयंवर हेच प्रसंग अधिक भावले.

राजाच्या अव्यंगतेवर राज्याचे क्षेम अवलंबून असते, या कल्पनेची दुसरी बाजू रोग्याला भोगावी लागली. रोग हे पापाचे फळ मानले गेले व रोगी अशुभ ठरून गावाबाहेर गेला. कुष्ठरुग्णांच्या बाबतीत ही समजूत विसाव्या शतकातही प्रबळ होती. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य उभारले. त्यानंतर काही वर्षांतच कुष्ठरोगाने पीडित असलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री सेवाग्राम आश्रमात आले. महात्मा गांधींनी त्यांना ठेवून घेतले व ते स्वतः त्यांना मालिश करीत. शास्त्रीजींची कुटी आश्रमात जतन केलेली आहे.