संग्रहालयाची भाषा आणि पारलिंगी व्यक्तीचे स्वागत

प्रस्तावना

घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीश्वराचे भव्य शिल्प आहे. अर्धे अंग पुरुषाचे आणि अर्धे स्त्रीचे असलेल्या या मूर्तीपुढे प्रेक्षक आदराने उभे राहतात. त्याच प्रेक्षकांत एखादी पारलिंगी व्यक्ती असेल, तर तिच्याकडे वळणाऱ्या नजरांत मात्र तो आदर क्वचितच दिसतो. जन्मवेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी लिंग-ओळख ज्यांच्या बाबतीत भिन्न असते, त्यांना आपण येथे पारलिंगी म्हणत आहोत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपली लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. २०१९ साली संमत झालेल्या कायद्याने सार्वजनिक सेवा-सुविधांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई केली. संग्रहालय हीदेखील सार्वजनिक जागाच आहे. तेथे येणाऱ्याला प्रथम भेटतात ते शब्द: तिकीटखिडकीवरचे संबोधन, अर्जातील रकाना, वस्तूखालचा माहितीफलक. या शब्दांत आपण आहोत की नाही, हे येणाऱ्याला चटकन कळते. म्हणून या घटकात आपण स्वागताचा विचार भाषेच्या अंगाने करू.

१. नाव कोणाचे?

‘तृतीयपंथी’ हा शब्द सरकारी व्यवहारात रूढ आहे. त्यात ‘तिसरे’पणाची गणना आहे आणि ‘पंथ’ ही समूहाची कल्पनाही आहे. ज्या पारलिंगी स्त्रीला स्वतःची ओळख केवळ ‘स्त्री’ म्हणून हवी आहे, तिला तो पुरेसा वाटत नाही. पारलिंगी पुरुष तर त्यातून सहसा डोळ्यांसमोर येतच नाहीत. ‘हिजडा’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. परंतु लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आपल्या आत्मकथनाच्या शीर्षकात तोच शब्द अभिमानाने घेतला. यावरून दिसते की शब्दाचा अर्थ तो कोण, कोणाविषयी उच्चारतो यावरही अवलंबून असतो.

अभिलेखागारांत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. ब्रिटिश राजवटीने १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नावनिशीवार नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी वावरणे हा गुन्हा ठरवला गेला. अशी कागदपत्रे प्रदर्शित करताना मूळ शब्द खोडू नयेत, कारण ते पुरावा आहेत. मात्र आजच्या सूचीकाराने तोच शब्द स्वतःचा म्हणून वापरू नये. हा शब्द शासनाचा होता, हे वर्णनात स्पष्ट लिहावे.

२. संबोधन आणि रकाना

मराठीत ‘तू कोठून आलास?’ किंवा ‘तू कोठून आलीस?’ असे विचारताना बोलणाऱ्याला समोरच्याचे लिंग आधी ठरवावे लागते. ‘आपण कोठून आलात?’ या आदरार्थी रूपात ती गरज उरत नाही. म्हणजे मराठीतील सौजन्याचे रूपच येथे उपयोगी पडते. ‘साहेब’, ‘बाई’ ही संबोधने अंदाजाने वापरण्याऐवजी ‘नमस्कार, आपले स्वागत आहे’ एवढे पुरते. अर्जातील ‘लिंग’ हा रकाना खरोखर आवश्यक आहे का, हेही तपासावे. आवश्यक असल्यास स्वतःच्या शब्दांत लिहिण्यास जागा ठेवावी.

३. माहितीफलकावरील सर्वनाम

समोरच्या व्यक्तीला विचारता येते. इतिहासातील व्यक्तीला विचारता येत नाही. इंग्लंडमधील हिचिन या गावी असलेल्या नॉर्थ हर्टफर्डशर संग्रहालयापुढे हाच प्रश्न होता. इ. स. २१८ ते २२२ या काळात रोमचे सम्राटपद भूषवणाऱ्या एलागाबालस यांचे एक नाणे तेथे आहे. २०२३ साली संग्रहालयाने त्यांच्यासाठी स्त्रीलिंगी सर्वनाम वापरण्याचे ठरवले. या सम्राटाला स्वतःस स्त्री म्हणवून घ्यायचे होते, असे समकालीन इतिहासकार डिओ कॅसियस याने लिहिले आहे. परंतु डिओ हा सम्राटाचा विरोधक होता आणि त्याने ते बदनामीसाठी लिहिले असावे, असा आक्षेप अनेक अभ्यासकांनी घेतला. अशा वेळी फलकाने पुरावा आणि त्याविषयीची शंका दोन्ही वाचकापुढे ठेवणे हे अधिक प्रामाणिक होय.

मराठी फलकलेखकाला येथे व्याकरणाचे साहाय्य मिळते. ‘ते राहत होते’ आणि ‘त्या राहत होत्या’ यांत लिंग उघड होते. ‘त्यांनी हे कडे संग्रहालयास दिले’ या वाक्यात मात्र क्रियापद ‘कडे’ या कर्माप्रमाणे चालते आणि ‘त्यांनी’ हे रूप दोन्ही लिंगांना समान आहे. जेथे ओळख अज्ञात आहे, तेथे अशी रचना योग्य ठरते. परंतु एखाद्या व्यक्तीने आपली ओळख स्वतः सांगितली असेल, तर तीच वापरावी. तेथे तटस्थ रचनेचा आडोसा घेणे म्हणजे ती ओळख पुन्हा नाकारणे होय.

सारांश

स्वागतशील भाषा इतिहास बदलत नाही. कोणता शब्द कोणी दिला हे ती सांगते, अंदाज टाळते आणि व्यक्तीच्या स्वतःच्या शब्दाला प्राधान्य देते.

स्वाध्याय

१. ‘या दागिन्याचा मालक पुण्यात राहत होता. त्याने तो संग्रहालयास भेट दिला.’ ही वाक्ये लिंगनिर्देश न करता पुन्हा लिहा.
२. आपल्या जवळच्या संग्रहालयातील पाच माहितीफलक वाचा. त्यांत लिंग कोठे पुराव्याने आणि कोठे गृहीत धरून आले आहे, ते नोंदवा.