वैद्याच्या तीन बोटांचे मोल
(आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याने अपंगत्व विमा केव्हा घ्यावा?)

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत प्रेसवर काम करणाऱ्या कामगाराचे बोट चेमटले की तो प्रथम जवळच्या दवाखान्यात येतो, पट्टी बांधून घेतो आणि मग चिंचवडच्या मोहननगरातील राज्य विमा रुग्णालयाची वाट धरतो. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत त्याची नोंद असेल, तर कामावरील दुखापतीमुळे घरी बसावे लागलेल्या काळात त्याला वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. त्याची पट्टी बांधणारा तरुण वैद्य मात्र त्याच संध्याकाळी दुचाकीवरून घसरला आणि त्याचा उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये अडकला, तर दवाखाना बंद, मिळकत बंद आणि गाळ्याचे भाडे मात्र चालूच. रुग्णाला असलेले संरक्षण वैद्याला नाही, ही विसंगती आपल्या व्यवसायात फारशी कोणाला खटकत नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात प्राणैषणेच्या पाठोपाठ धनैषणा सांगितली आहे. तो अध्याय परीक्षेपुरता सर्वांनीच वाचलेला असतो.

अमेरिकेत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिक्षण संपतासंपताच अपंगत्व विमा घेण्याचा सल्ला दिला जातो. तेथील पॉलिसी, आपले विशिष्ट काम करता येईनासे झाले की दरमहा उत्पन्न देते. तशी स्वतंत्र पॉलिसी आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. आपल्याकडे हे संरक्षण तुकड्यातुकड्यांनी जोडावे लागते आणि प्रत्येक तुकड्याची योग्य वेळ वेगळी असते. म्हणूनच ‘केव्हा’ हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

पहिला तुकडा वैयक्तिक अपघात विम्याचा. यात अपघाती मृत्यू, कायमचे पूर्ण अपंगत्व, कायमचे अंशतः अपंगत्व आणि तात्पुरते पूर्ण अपंगत्व असे चार भाग असतात. अंशतः अपंगत्वाचा मोबदला एका तक्त्यानुसार ठरतो व तो तक्ता प्रत्येक वैद्याने एकदा तरी वाचावा. आपल्याकडे दीर्घकाळ प्रचलित असलेल्या तक्त्यात संपूर्ण अंगठा गेल्यास विमा रकमेच्या २५ टक्के, तर्जनी गेल्यास १० टक्के, मध्यमा ६ टक्के आणि अनामिका ५ टक्के असे मोल लावलेले असते. नाडीपरीक्षेत ज्या तीन बोटांखाली आपण वात, पित्त आणि कफ पाहतो, त्या तिन्हींचे मिळून २१ टक्के झाले. दहा लाखांची पॉलिसी असेल, तर दोन लाख दहा हजार रुपये. बोटे शाबूत राहून केवळ त्यांची संवेदना कमी झाली, तर दावा वादात पडण्याचाच संभव अधिक. कंपनी अवयवाचा विमा उतरवते, त्या अवयवातील विद्येचा नाही. क्षारसूत्र बांधणाऱ्या किंवा दिवसभर पंचकर्म करणाऱ्या वैद्याने विमा रक्कम ठरवताना पॉलिसीच्या पहिल्या पानावरील आकडा न पाहता या तक्त्यातील आकडा पाहावा.

हा विमा विद्यार्थिदशेतच सुरू करावा असे आमचे मत आहे. निगडी व पिंपरीच्या आयुर्वेद महाविद्यालयांत शिकणारी मुले टेल्को रस्त्याने किंवा नाशिक महामार्गाने कंटेनरांच्या गर्दीतून रोज दुचाकी चालवतात. वयाची १८ वर्षे पूर्ण होताच प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव घालावे. २०१५ साली बारा रुपयांत सुरू झालेल्या या योजनेचा वार्षिक हप्ता जून २०२२ पासून वीस रुपये झाला. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वास दोन लाख, एक डोळा, एक हात वा एक पाय कायमचा निकामी झाल्यास एक लाख, असे तिचे स्वरूप आहे. बोटांना त्यात काहीच नाही. वर्ष १ जूनपासून मोजले जाते, म्हणून मेअखेरीस खात्यात पैसे असावेत. वीस रुपयांच्या शिलकीअभावी संरक्षण तुटणे शोभादायक नाही.

दुचाकीच्या विम्याबरोबर येणाऱ्या १५ लाखांच्या अपघात संरक्षणाविषयी मोठा गैरसमज आढळतो. ते संरक्षण वाहनाच्या नोंदणीकृत मालकाला, तो स्वतः वैध परवान्यासह वाहन चालवीत असताना लागू होते. आपल्या घरांत गाडी बहुधा वडिलांच्या नावावर असते आणि चालवतो मुलगा. अशा वेळी मुलाला त्याचा उपयोग होत नाही. शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून वडिलांचीच सही असते, हेही येथे ध्यानात घ्यावे. मुलगा कमावण्यास असमर्थ झाला तरी बँकेचा हप्ता वडिलांकडे येतोच.

विद्यार्थ्याला मोठ्या रकमेची अपघात पॉलिसी सहसा मिळत नाही, कारण कंपन्या विमा रक्कम वार्षिक उत्पन्नाशी जोडतात. साप्ताहिक भरपाईचा लाभ तर उत्पन्न नसताना घेण्यात अर्थच नाही. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘सरल सुरक्षा विमा’ ही एकसारखी पॉलिसी देणे बंधनकारक करण्यात आले. तिच्यात ऐच्छिक लाभ म्हणून तात्पुरत्या अपंगत्वाला विमा रकमेच्या ०.२ टक्के दर आठवड्यास, कमाल १०० आठवडे मिळू शकतात. दहा लाखांवर आठवड्याला दोन हजार रुपये. भोसरीतील गाळ्याच्या भाड्यापुढे ही रक्कम किती, हे आपणच ठरवावे. हा लाभ स्वतःचा दवाखाना थाटल्यावर आणि पहिले आयकर विवरणपत्र भरल्यावर जोडावा. उत्पन्नाचा पुरावा त्या कागदाशिवाय देता येत नाही. त्याच वेळी ‘विद्यार्थी’ ही नोंद बदलून ‘वैद्यकीय व्यवसाय’ अशी करून घ्यावी.

दुसरा तुकडा आजारामुळे येणाऱ्या अपंगत्वाचा आणि तेथे मात्र थांबणे महागात पडते. पक्षाघाताने उजवी बाजू गेली तर अपघात पॉलिसी एक रुपयाही देत नाही. त्यासाठी गंभीर आजार विमा असतो. त्याच्या यादीत कायमची लक्षणे ठेवणारा पक्षाघात, अवयवांचा कायमचा लुळेपणा, काही मज्जासंस्थेचे विकार येतात आणि ठरलेली रक्कम एकदम मिळते. आरंभीचे ९० दिवस सामान्यतः दावा करता येत नाही. ही पॉलिसी आंतरवासितेच्या वर्षातच, प्रकृती निर्दोष असताना घ्यावी. आम्ही स्वतः हा अर्ज त्रेचाळिसाव्या वर्षी भरला. वैद्यकीय तपासणीत रक्तातील साखर वाढलेली निघाली आणि कंपनीने पॉलिसी नाकारली. रोज प्रमेहाच्या रुग्णांना पथ्य सांगणाऱ्यास तो कागद हाती घेताना काय वाटले असेल, हे वाचकांनी ओळखावे.

या विम्यालाही मर्यादा आहेत. वैद्याचा हात निकामी करणारा आमवात किंवा पाठीच्या मणक्याचा जुनाट विकार त्या यादीत सहसा नसतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक बाजूला ठेवण्यावाचून दुसरा उपाय आम्हांस ठाऊक नाही.

औषधनिर्मिती करणाऱ्या बंधूंनी प्रस्ताव अर्जातील व्यवसायाच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. दवाखान्यात बसणारा वैद्य सर्वांत कमी जोखमीच्या वर्गात मोडतो व त्याचा हप्ताही कमी असतो. परंतु जो स्वतः पल्व्हरायझरपाशी उभा राहतो, काढ्याची कढई उतरवतो किंवा भस्माची भट्टी लावतो, त्याने तसे स्पष्ट लिहावे. हप्ता थोडा वाढेल. अर्जात केवळ ‘वैद्य’ लिहून यंत्रात हात सापडल्यास दावा नाकारण्यास कंपनीला आयते निमित्त मिळते. वडिलांच्या फार्मसीत सुट्टीत हात लावणाऱ्या विद्यार्थ्यालाही हे लागू आहे.

आपल्या व्यवसायाची म्हणून एक खास अडचण आहे. दुखापत झाली की आपण घरीच लेप लावतो, मित्राकडून पट्टी बांधून घेतो आणि कागद कोठेच होत नाही. अपघाताच्या दिवसाची नोंद, क्ष-किरण चित्र, रस्त्यावरील अपघात असल्यास पोलिसांचा पंचनामा, पुढे शासकीय रुग्णालयाचे अपंगत्व प्रमाणपत्र, यांपैकी एकही गोष्ट मागाहून निर्माण करता येत नाही. पॉलिसीच्या व्याख्येनुसार भारतीय चिकित्सा पद्धतीच्या परिषदेकडे नोंदणीकृत असलेला वैद्यही ‘वैद्यकीय व्यावसायिक’ ठरतो, म्हणून सहव्यवसायी वैद्याचे प्रमाणपत्र त्याज्य नाही. स्वतःचे किंवा घरातील नातलगाचे मात्र चालत नाही. अपंगत्व अपघातापासून बारा महिन्यांच्या आत निष्पन्न व्हावे, अशीही अट बहुधा असते. दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास पुण्यातील विमा लोकपालांच्या कार्यालयात अर्ज करता येतो. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.